भाग 6 : ‘मला मिळालं आहे’ की ‘मी करीन’?

भिलाईहून तुमच्याशी बोलते आहे. आजचा विषय तुमच्यापैकी अनेकांनी करून पाहिलेला असणार. रोज सकाळी काही सकारात्मक वाक्यं म्हणायची आणि डोळे मिटून आपलं ध्येय पूर्ण झाल्याचं चित्र बघायचं. अफर्मेशन आणि व्हिज्युअलायझेशन हे शब्द आता सगळ्यांच्या ओळखीचे झालेत. आपण त्यांना स्वयंसूचना आणि कल्पनाचित्र म्हणू. यानं खरंच काही होतं का? होतं. पण बहुतेक लोक ज्या पद्धतीनं करतात, त्यानं कधीकधी उलटंच होतं. हे मी माझ्याच घरात करून बसले आहे, म्हणून आधी तेच सांगते.

भिलाई म्हटलं की लोकांना पोलाद कारखाना आठवतो. 1955 साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, 1959 मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि नोकरीसाठी विदर्भातून जी मराठी कुटुंबं इथे आली त्यांतलंच आमचं एक. पण इथल्या क्वार्टरांमधून पोलादापेक्षा जास्त बोललं जातं ते जेईईबद्दल. कोणाचा मुलगा कुठल्या आयआयटीत, हे भाजी घेतानाही कळतं. माझा मुलगा अकरावीत गेला तेव्हा मी एक पुस्तक वाचून त्याच्या कपाटावर कागद चिकटवला : ‘मला आयआयटीत प्रवेश मिळाला आहे.’ खाली एका कॅम्पसचा फोटो. सकाळी अकरा वेळा, रात्री अकरा वेळा म्हणायचं. तो बिचारा म्हणायचा. दोन वर्षं म्हणाला.

प्रवेश मिळाला नाही. त्याचं दुःख झालं, पण त्याहून जास्त लागलं ते निकालानंतर काही दिवसांनी तो जे बोलला ते. ‘आई, ते वाक्य म्हणताना रोज खोटं बोलल्यासारखं वाटायचं. आणि म्हणून झालं की थोडा अभ्यास झाल्यासारखंही वाटायचं.’

पुढे मी या विषयावर वाचायला लागले तेव्हा कळलं, की त्याच्या या दोन वाक्यांत मानसशास्त्रातले दोन मोठे अभ्यास बसले आहेत.

पहिलं, खोटं वाटणं. स्वयंसूचनेची पद्धत शंभर वर्षांची जुनी आहे. एमिल कुए नावाचे एक फ्रेंच औषधविक्रेते होते. रोज आपण सुधारतो आहोत अशा अर्थाचं एक वाक्य ते रुग्णांना सकाळ-संध्याकाळ वीस वेळा म्हणायला लावत, आणि मोजायला वीस गाठींची दोरी सुचवत. जपमाळच की! बऱ्याच लोकांना बरंही वाटे. पण 2009 साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिलं. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य त्यांनी लोकांना मनात म्हणायला लावलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं, त्यांना थोडं आणखी बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल कमीपणा वाटत होता, त्यांना वाक्य म्हटल्यावर अधिक वाईट वाटलं. म्हणजे ज्याला गरज जास्त, त्यालाच औषध लागू पडलं नाही. कारण समजायला कठीण नाही. मनाला न पटणारं वाक्य तोंडानं म्हटलं की मन लगेच उलट पुरावा शोधायला लागतं. मॉक टेस्टमध्ये कमी गुण आलेला मुलगा ‘मला प्रवेश मिळाला आहे’ म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कॅम्पस येत नाही, ती गुणपत्रिका येते.

दुसरं, अभ्यास झाल्यासारखं वाटणं. इथे थोडं थांबू या, कारण खरी मेख इथे आहे. लियन फाम आणि शेली टेलर यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग 1999 साली प्रसिद्ध झाला. परीक्षा काही दिवसांवर आलेली. एका गटाला सांगितलं, की रोज पाच मिनिटं डोळ्यांसमोर आणा : गुण लागले आहेत, तुम्हाला उत्तम श्रेणी मिळाली आहे, तुम्ही आनंदात आहात. दुसऱ्या गटाला सांगितलं, तुम्ही अभ्यासाला कसे बसता ते डोळ्यांसमोर आणा. कुठे बसलात, पुस्तक कसं उघडलंत, मन विचलित करणारं काय बंद केलंत. दुसरा गट अभ्यासाला लवकर लागला आणि त्याला गुणही जास्त मिळाले. निकालाचं गोड चित्र पाहणाऱ्यांचा अभ्यास मात्र उलट कमी झाला.

गाब्रिएले ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी तर आयुष्यभर हाच प्रश्न धरून ठेवला. वजन कमी करणाऱ्या स्त्रिया घ्या, नोकरी शोधणारे पदवीधर घ्या, यशाची दिवास्वप्नं जितकी रंगीत, तितकं प्रत्यक्षातलं यश कमी, असं त्यांना दिसत गेलं. आणि इथे एक बारीक फरक आहे. ‘मला जमेल’ ही अनुभवावर आधारलेली अपेक्षा उपयोगीच असते. त्रास होतो तो नुसत्या चित्रात रमण्याचा. चित्र बघताना शरीर सैलावतं, जणू पोचलोच. मग उठायचं कशाला?

माझे वडील रेल मिलमध्ये होते. भारतीय रेल्वेचे रूळ तिथे तयार होतात, हे तुम्हाला माहीत असेल. पहिल्या पाळीला निघण्याआधी ते बूट घालता घालता काही क्षण गप्प बसत. आई विचारायची, काय झालं? ते म्हणायचे, ‘काही नाही, पाळी बघतोय.’ आज आधी काय तपासायचं, कुठे उभं राहायचं, कुठे हात घालायचा नाही, हे ते मनातल्या मनात करून बघत. तापलेल्या लोखंडाजवळ काम करणाऱ्या माणसाला ‘आज सगळं छान होणार’ एवढं म्हणून भागत नाही. त्यांनी व्हिज्युअलायझेशन हा शब्द कधी ऐकला नसेल, पण फाम आणि टेलर यांच्या दुसऱ्या गटात ते पहिल्यापासून होते. माझ्या मुलाला कॅम्पसचा फोटो दाखवण्याआधी मला हे आठवायला हवं होतं.

खेळाडूही हेच करतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा आणि तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्नील कुसाळे याला 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्य मिळालं, त्याची पात्रता फेरीच साठ गोळ्यांची असते : वीस गुडघ्यावर बसून, वीस पालथं झोपून, वीस उभ्यानं. साठ वेळा तोच क्रम. श्वास, नेम, चाप. नेमबाज रिकाम्या बंदुकीनं तासन् तास सराव करतात आणि मनातही तोच क्रम घोटतात. पदकाचं चित्र त्या क्षणी हात हलवण्यापलीकडे काही करणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग वाक्यं म्हणायचीच नाहीत का? म्हणायची. फक्त आपल्याच घरातली जुनी रीत बघा. पूजेच्या आधी गुरुजी संकल्प सोडायला लावतात. हातात पाणी घेऊन आपण काय म्हणतो? आधी काळ, मग स्थळ, मग स्वतःचं गोत्र आणि नाव, कशासाठी ते, आणि शेवटी ‘करिष्ये’. म्हणजे ‘मी करीन’. फळाचा उल्लेख त्यात असतो, नाही असं नाही, पण वाक्य संपतं ते आपल्या कृतीवर. ‘मला मिळालं आहे’ असा संकल्प मी कधी ऐकलेला नाही.

पीटर गोल्वित्झर यांनी जर-तरच्या योजनेवर जे संशोधन केलं, त्याचा गाभा हाच आहे. केव्हा, कुठे आणि काय करीन हे आधी ठरवलं की काम होण्याची शक्यता वाढते, असं त्यांना अनेक प्रयोगांत दिसलं. ओटिंगेन त्याच्या आधी एक पायरी घालतात. इच्छा मनात आणा, ती पूर्ण झाल्याचं चित्रही खुशाल बघा, पण लगेच विचारा, माझ्या आतलं काय आडवं येतंय? परिस्थितीचं गाऱ्हाणं नको, आतलं सांगा. उदाहरणार्थ, ‘चुकलेली उत्तरं बघायची मला लाज वाटते, म्हणून मी वही उघडत नाही.’ मग वाक्य असं होतं : ‘वही मिटावीशी वाटली, तर मी पहिला चुकलेला प्रश्न तेवढा पुन्हा सोडवीन.’ यात खोटं काही नाही, त्यामुळे मन वाद घालत नाही.

मुलाबरोबर हे मी निकालानंतरच्या उन्हाळ्यात करून पाहिलं. पुन्हा एक वर्ष तयारी करायची असं आम्ही, म्हणजे खरं तर मी, ठरवलं होतं. ‘आडवं काय येतंय?’ या प्रश्नाशी तो बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, ‘मला इंजिनिअर व्हायचंच नाहीये. गणित आवडतं, बाकी काही नाही.’ ओटिंगेन यांच्या अभ्यासातही हे येतं. अडथळा नीट पाहिल्यावर काही लोक जोमानं कामाला लागतात, आणि काही जण ती इच्छा सोडून दुसरीकडे वळतात. दोन वर्षं बावीस वेळा म्हटलेल्या त्या वाक्यात ‘मला’ हा शब्द होता, पण तो ‘मला’ माझा होता. तो आता नागपूरला बी. एस्सी. करतो, संख्याशास्त्र घेऊन. बरं चाललंय. आयआयटी मिळाली असती तर अधिक बरं झालं असतं का, हे मला अजूनही अधूनमधून वाटतं, खोटं कशाला बोलू?

पुढच्या भागापर्यंत एक काम करा. एकच इच्छा घ्या, येत्या महिन्याभरातली. वजन, अभ्यास, बचत, काहीही. तिच्याखाली आतला एक अडथळा लिहा, आणि त्याखाली जर-तरचं एक वाक्य, शेवटी ‘करीन’ येईल असं. रात्री झोपताना दोन मिनिटं उद्याची ती कृती डोळ्यांसमोर आणा : कुठली खोली, किती वाजले, हातात काय. आठवड्यानं वाक्य चालत नसेल तर बदला, ते काही मंत्र नाही. आणि मुलांसाठी करणार असाल, तर त्यांचं वाक्य तुम्ही लिहू नका. त्यांच्या हातात कागद द्या आणि खोलीतून बाहेर या.