तलावांची नोंदवही आणि स्त्रियांचे ज्ञान

गोंदिया जिल्ह्यात धानाची शेती व तलाव ह्यांचे नाते फार जुने आहे. कोहळी समाजातील कसबी शेतकऱ्यांनी बांधलेले तलाव आणि बोड्या आजही बांधीतील धानास पाणी, गुरांस चारा व गावास मासळी देतात. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. तरी ह्या जलाशयांस लोक अजून मालगुजारी तलाव असेच म्हणतात.

परंतु तलाव म्हणजे केवळ पाणी नव्हे. त्यातील पाणवनस्पती, मासे, पक्षी व काठचे गवत ही सर्व त्याची संपत्ती होय. ह्या संपत्तीचा हिशेब गावात कोणास ठाऊक असतो? पुष्कळदा तो स्त्रियांस ठाऊक असतो, आणि नेमका त्यांनाच तो कोणी विचारीत नाही.

निमगाव परिसरातील अनुभव

मूळची दक्षिण अमेरिकेतील बेशरम ही वनस्पती ह्या भागातील अनेक तलावांच्या उथळ काठांवर पसरली. गुरे तिला तोंड लावीत नाहीत आणि तिच्या कांडीचा तुकडा ओल्या मातीत पडला तरी तो मूळ धरतो. बेशरमाच्या दाटीत पाण्याखालील देशी वनस्पती मागे हटल्या, तसे त्यांच्या आश्रयाने वाढणारे मासेही घटले. कटला, रोहू, मृगळ ह्यांचे बीज बाहेरून आणून सोडता येते. परंतु मरळ, शिंगी, मागूर ह्यांसारखे स्थानिक मासे टिकावयाचे, तर तलाव निरोगी असावा लागतो.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील निमगाव व आसपासच्या गावी ढीवर समाजातील स्त्रियांनी हे काम अंगावर घेतले. मासळी बाजारात नेणे हे त्यांचे नित्याचे काम. कोणता मासा टोपलीतून नाहीसा झाला, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. ‘फीड’ ह्या संस्थेच्या साह्याने गावकऱ्यांनी बेशरम मुळासकट उपटली, उन्हाळ्यात उघडी पडलेली तलावाची भुई नांगरली आणि देशी पाणवनस्पतींची लागवड केली. अशा वनस्पतींत माशांच्या अंड्यांस व पिलांस आसरा मिळतो आणि पाणपक्ष्यांस अन्न मिळते. येथे जुन्या अनुभवास शास्त्राची जोड मिळाली.

जगाचा करार आणि गावची समिती

जे निमगाव परिसरात दिसले, तेच तत्त्व जगातील राष्ट्रांनीही मान्य केले आहे. १९९२ मधील जैवविविधता कराराच्या प्रस्तावनेत जैवविविधतेच्या रक्षणातील स्त्रियांचे महत्त्व नमूद असून, धोरण ठरविण्याच्या सर्व पातळ्यांवर त्यांचा पूर्ण सहभाग आवश्यक मानला आहे. भारताने हा करार १९९४ मध्ये स्वीकारला. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे ठरलेल्या २३ उद्दिष्टांपैकी शेवटची दोन ह्याच विषयास स्पर्श करतात. बाविसावे निर्णयप्रक्रियेतील सहभागाविषयी, तर तेविसावे स्त्री-पुरुष समानतेविषयी आहे.

ह्या मोठ्या कराराचे सर्वांत खालचे, पण सर्वांत महत्त्वाचे टोक म्हणजे गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती. २००२ च्या कायद्याने ती निर्माण झाली. तीत निदान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे २००४ च्या नियमांनी ठरविले. कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली व २०२४ मध्ये नवे नियम आले. म्हणून समिती नेमताना चालू नियम पाहावेत. लोक जैवविविधता नोंदवही तयार करण्यात ह्या समितीचा मुख्य वाटा असतो.

समितीत स्त्रियांची नावे आली, म्हणजे त्यांचे म्हणणे आले असे नव्हे. सभेत पुरुषांनी सांगितलेले लिहिले आणि स्त्रियांचा केवळ अंगठा घेतला, तर नोंदवही अर्धीच राहते. बियाणे निवडून राखणारी, रोवणी व निंदण करणारी, मोहफुले वेचणारी, रानभाजी ओळखणारी स्त्रीच असते. एखादी वृद्धा गेली की तिच्याबरोबर कित्येक नावे व उपयोग जातात. जे लिहिलेच नाही, त्यावर गावाचा हक्क सांगणेही कठीण होते.

ग्रामकार्यकर्त्यांनी काय करावे?

१. स्त्रियांची स्वतंत्र बैठक घ्यावी. रोवणी व कापणीचे दिवस टाळावेत. वेळ त्यांच्या सोयीची असावी.

२. बैठक कचेरीत न घेता तलावाच्या पाळीवर, बांधीत किंवा मोहाच्या झाडाखाली घ्यावी. वस्तू समोर असली की माहिती आपोआप निघते.

३. नाव गावातील बोलीतच लिहावे. शास्त्रीय नाव मागाहून जाणकाराकडून ठरवून घ्यावे.

४. पूर्वी काय होते, आज काय उरले व कशामुळे घटले, हे तिन्ही प्रश्न विचारावेत.

५. औषधी उपयोगाची माहिती सांगणाऱ्या स्त्रीच्या संमतीवाचून लिहू नये.

६. पूर्ण झालेली नोंद ग्रामसभेत मोठ्याने वाचावी आणि चूक दुरुस्त करण्याची संधी स्त्रियांस द्यावी.

७. बेशरम काढताना तिच्या कांड्या ओल्या काठावर टाकू नयेत. कोरड्या जागी ढीग करून पूर्ण वाळू द्याव्यात.

माँट्रियलचा ठराव लिहिणारे हात दूरचे आहेत. तो खरा करणारे हात धानाच्या बांधीत व तलावाच्या काठावर आहेत. त्या हातांचे ज्ञान नोंदवहीत उतरले, तर राज्याच्या मंडळापासून परदेशातील परिषदेपर्यंत गावाचे खरे म्हणणे पोहोचू शकेल. त्याची सुरुवात मात्र गावातील एका बैठकीने व्हावयास हवी.