भिलाईची भट्टी आणि साठ्याचा हिशेब

उत्पादन व पुरवठा साखळी व्यवस्थापन अभ्यासताना विद्यार्थी बहुधा जपानी मोटार उद्योगाचे सूत्र पाठ करतात : साठा जितका कमी, तितका खर्च कमी. भिलाईत हे सूत्र जपून वापरावे लागते. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. अशी भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते; कच्च्या मालाअभावी ती थंडावली आणि आतील धातू थिजला, तर ती पूर्ववत करणे अतिशय खर्चिक ठरते. म्हणून येथे साठा म्हणजे विमाच होय.

तो किती असावा, हे अंतर व अनिश्चितता यांवर अवलंबून असते. लोहखनिज शंभर किलोमीटरच्या आतील दल्ली-राजहरा खाणींतून आणि चुनखडी त्याहून जवळच्या नंदिनीतून येते. कोकिंग कोळशाचा मोठा हिस्सा मात्र परदेशातून जहाजाने आणि पुढे रेल्वेने येतो. जहाजाला विलंब होऊ शकतो; साहजिकच कोळशाचा साठा अधिक दिवसांचा लागतो. राजहराचे खनिज आटू लागल्याने रावघाटकडे रेल्वेमार्ग नेण्याचे काम हाती घ्यावे लागले. खाण बदलली की वाघिणींच्या फेऱ्या, साठवणीची जागा, खर्च, सारेच नव्याने मांडावे लागते. पाठ्यपुस्तकांत खाणीचा विचार क्वचितच आढळतो. भिलाईतील तंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो दाराशीच अभ्यासता येतो.