गालगुंड नावाची भाषा

'मम्प्स' नावाची एक संगणक-भाषा आहे, हे प्रथम कानावर आले तेव्हा मला ती थट्टा वाटली. मम्प्स म्हणजे गालगुंड! पण नाव खरे निघाले. 1966-67 च्या सुमारास बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये नील पापालार्डो आणि सहकाऱ्यांनी ही भाषा घडवली. रुग्णालयाच्या आणि प्रणालीच्या नावांतली आद्याक्षरे जुळवली की हाच शब्द होतो. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या संगणक विभागात मी बरीच वर्षे काढली. जुनी प्रणाली बदलायची वेळ आली तेव्हा इतरांनी हे कसे केले ते शोधू लागलो आणि या गालगुंडापाशी पोहोचलो.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयांचे मोठे जाळे आहे. 1977 नंतर तिथल्या काही डॉक्टरांनी आणि प्रोग्रॅमरनी मम्प्समध्ये छोट्या छोट्या प्रणाली लिहायला घेतल्या. वरच्या कचेरीला हा उद्योग पसंत नव्हता, म्हणून तो बराचसा लपूनछपून चालला. अधिकृत मान्यता मिळाली 1982 मध्ये. पुढे याच कामाला 'व्हिस्टा' हे नाव पडले.

व्हिस्टाची आज्ञावली वाचायला महाकठीण. बऱ्याच आज्ञा एकाच अक्षरात उरकलेल्या. तारखेतले वर्ष 1700 पासून मोजलेले, म्हणजे 1999 साठी 299 आणि 2000 साठी 300. (सन 2000 च्या धास्तीने जग घामाघूम झाले होते, तेव्हा ही म्हातारी एक आकडा पुढे सरकली इतकेच.) पण तिचे खरे बळ वेगळे होते. तिच्यात काय हवे, हे वॉर्डातली माणसे सांगत. कॅन्ससमधल्या टोपेका इथल्या स्यू किनिक या परिचारिकेने भाड्याची गाडी परत करताना एक कर्मचारी हातातल्या यंत्राने सांकेतिक पट्टी वाचताना पाहिला. मग रुग्णाच्या मनगटावरची पट्टी आणि औषधाची पुडी अशीच का जुळवू नये, असे तिच्या मनात आले. त्यातून उभी राहिलेली बारकोडची पद्धत पुढे या सगळ्या रुग्णालयांत गेली.

मग बदलायचे कशाला? कारणे खोटी नव्हती. प्रत्येक ठिकाणी आपापल्या सोयीने केलेल्या बदलांमुळे व्हिस्टाच्या सुमारे 130 वेगवेगळ्या आवृत्त्या झाल्या होत्या. मम्प्स जाणणारे निवृत्त होत होते. सैनिक सेवेतून बाहेर पडला की संरक्षण खात्याकडची त्याची नोंद इकडे सहज येत नव्हती. मे 2018 मध्ये सर्नर कंपनीशी सुमारे 10 अब्ज डॉलरचा करार झाला आणि ऑक्टोबर 2020 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनच्या रुग्णालयात नवी प्रणाली सुरू झाली.

जुलै 2022 मध्ये विभागाच्या महानिरीक्षकांचा जो अहवाल आला, तो मी दोनदा वाचला. डॉक्टर पडद्यावर तपासणी किंवा पुढची भेट लिहीत. ती कुठे व्हायची ते ठिकाण यादीतून निवडत. त्यांतली काही ठिकाणे आतल्या जोडणीत कोणत्याच विभागाशी बांधलेली नव्हती. अशी चिठ्ठी परत येत नसे, चूक झाली असेही सांगत नसे. ती 'अज्ञात रांग' नावाच्या एका कप्प्यात जाऊन पडे. डॉक्टरला वाटे, काम मार्गी लागले. पहिल्या काही महिन्यांत 11,000 हून अधिक चिठ्ठ्या अशा अडकल्या आणि 149 रुग्णांना कमीअधिक इजा झाल्याची नोंद झाली. त्यांतला एक बेघर माजी सैनिक होता. आत्महत्येचा धोका ओळखून मानसोपचाराची पुढची भेट लिहिली होती. ती ठरलीच नाही. शेवटी त्याने हेल्पलाइनला फोन केला आणि मदत वेळेत पोहोचली.

या कप्प्याची पुरेशी कल्पना कंपनीने रुग्णालयाला दिली नव्हती, असे अहवाल म्हणतो. ते गंभीरच. पण मला त्याहून खोलवर चूक दिसते. चिठ्ठी कागदाची असती तर ती नेणारा वॉर्डबॉय परत येऊन विचारता, 'ही कुणाला देऊ?' नव्या प्रणालीत तो प्रश्न विचारणारा कुणी उरला नव्हता, आणि तो काढून टाकल्याचे कुणाच्या यादीतही नव्हते. एप्रिल 2023 मध्ये, पाच रुग्णालयांनंतर, पुढची उभारणी थांबवली गेली. मार्च 2024 मध्ये शिकागोच्या उत्तरेला संरक्षण खात्याबरोबरच्या संयुक्त रुग्णालयात ती प्रणाली सुरू झाली, बाकी बहुतेक ठिकाणी व्हिस्टाच चालत राहिली.

आमच्या नव्या प्रणालीतही विभागांच्या यादीत शेवटी 'इतर' असा पर्याय होता. तो मीच घातला होता, यादी पुरी दिसावी म्हणून. अहवाल वाचून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो कप्पा उघडला. आत 37 चिठ्ठ्या होत्या. सर्वांत जुनी आठ महिन्यांपूर्वीची, सोनोग्राफीची. त्या बाईंचा नंबर केसपेपरवर होता. फोन करायला मी मेट्रनना सांगितले नाही, स्वतःच केला.