सव्वीस अंकी संख्येचा ताळा

बेंगळूरच्या शकुंतलादेवींनी १८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ७६,८६,३६,९७,७४,८७० आणि २४,६५,०९,९७,४५,७७९ यांचा गुणाकार तोंडी केला. २८ सेकंदांत उत्तर आले:

१,८९,४७,६६,८१,७७,९९,५४,२६,४६,२७,७३,७३०

हा किस्सा सांगितला की आमची धाकटी विचारते, "पण आई, उत्तर बरोबर कशावरून?" घरातल्या कॅल्क्युलेटरवर सव्वीस अंक मावत नाहीत. मग आम्ही कागद घेऊन ताळा करतो.

आधी नऊचा ताळा. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ७८, तिची १५, तिची ६. दुसरीची ७४, मग ११, मग २. सहा दुणे बारा, म्हणजे ३. आता उत्तर: बेरीज १३८, मग १२, मग ३. जुळले! दहा, शंभर, हजार यांना नऊने भागले की बाकी एकच उरते. त्यामुळे अंक कुठल्या घरात बसला आहे, याने या ताळ्याला फरक पडत नाही.

नेमकी इथेच आपल्या घरांतली अडचण येते. मराठीत 'सत्तावीस' म्हणताना सात आधी आणि वीस नंतर. कन्नडमध्ये 'इप्पत्तेळु', म्हणजे वीस आधी, सात नंतर. घरी एक आणि शाळेत दुसरे ऐकणारे मूल कधी २७ च्या जागी ७२ लिहून बसते. वरच्या उत्तरात तसे झाले, तरी बेरीज १३८ च राहील आणि नऊचा ताळा चूक पकडणार नाही.

तिथे अकराचा ताळा कामाला येतो. एकं स्थानापासून एक सोडून एक अंक घ्या. उत्तरातील अशा अंकांची बेरीज ६९, उरलेल्यांचीही ६९. फरक शून्य, म्हणजे संख्येला अकराने पूर्ण भाग जातो. तो जायलाच हवा, कारण दुसऱ्या संख्येतही अशा दोन बेरजा ३७ आणि ३७ येतात. आता २७ चे ७२ करून पाहा: बेरजा ७४ आणि ६४, फरक १०. चूक सापडली!

ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच, असे मात्र नाही. जुळला नाही तर चूक नक्की आहे. आमच्या धाकटीला मी एवढेच सांगते.

तेव्हा पालकहो, वहीत २७ चे ७२ दिसले तर लगेच 'ढ' म्हणून रागावू नका. ती संख्या मुलाकडून आधी मराठीत, मग कन्नडमध्ये मोठ्याने म्हणवून घ्या. आणि अकराचा ताळा त्यालाच करू द्या.