‘ढ’ म्हणू नका

मित्रांनो, काही मुलांना ऐकलेले सारे समजते, पण पुस्तक उघडले की ती अडखळतात. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत त्यांचा गोंधळ होतो. आपण लगेच म्हणतो, “ढ आहे!” या अडचणीचे नाव डिस्लेक्सिया. यात बुद्धी कमी नसते. अक्षर आणि त्याचा उच्चार यांची जोडी मेंदूत लवकर जुळत नाही, एवढेच.

मग शिकवायचे कसे? जे येते तिथून सुरू करायचे. माझा एक वर्गमित्र पोळ्याला मातीचे बैल झकास करतो. बाईंनी त्याला अक्षरेही मातीचीच करायला लावली. अक्षर घडवायचे, त्यावर बोट फिरवायचे, मोठ्याने म्हणायचे. लोणार सरोवराची माहिती त्याने आधी ऐकली, तोंडी सांगितली, मग वाचली. रोजचा सराव मात्र करावाच लागतो.

पालकहो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचण नोंदलेली आहे. तपासणी करून प्रमाणपत्र घेतले, तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. मारून अक्षर येत नाही, पोरगं शाळा मात्र सोडतं.