मुलाखतीतली गुणवत्ता

सॉफ्टवेअर कंपन्यांत फक्त गुणवत्ता पाहिली जाते, असे आपल्याला वर्षानुवर्षे ऐकवले जाते. ही गुणवत्ता मोजतात कशी? अर्ध्या तासाच्या मुलाखतीत! उमेदवार नजरेला नजर देतो काय, फाडफाड बोलतो काय, यावर माप निघते. मग ज्या स्वमग्न तरुणाला नजर भिडवणे जड जाते, परंतु प्रोग्राममधली चूक शोधताना तहानभूक राहत नाही, तो दारातूनच परत फिरतो.

डेन्मार्कमध्ये थोर्किल सोन या स्वमग्न मुलाच्या बापाने २००४ मध्ये 'स्पेशलिस्टर्न' ही कंपनी काढली. तेथे उमेदवाराला लेगोचे रोबो जोडायला देऊन त्याचे काम पाहिले गेले. २०१३ मध्ये एसएपी या जर्मन कंपनीने त्यांच्याशी हातमिळवणी केली. मात्र स्वमग्न म्हणजे अलौकिक बुद्धीचाच, हाही एक भ्रम आहे. नोकरीसाठी इतरांच्या दुप्पट हुशार असले पाहिजे, ही अट कुणाला लावली जाते हे आपल्या वाचकांना सांगायला नको. साधारण कुवतीच्या माणसालाही पोट असते.

आणि टीमने करायचे तरी काय? काम तोंडी न सांगता लिहून द्यावे. गोंगाटापासून दूर जागा द्यावी. सकाळच्या मीटिंगमध्ये ज्याला बोलणे जमत नाही, त्याचा अहवाल लेखी घ्यावा. डिस्लेक्सिया असलेल्याच्या स्पेलिंगवर हसू नये. याला पैसा लागतो कुठे?

१९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती, अध्ययन अक्षमताही नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दोन्ही घेतल्या. एडीएचडी मात्र त्या यादीत आजही नाही. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, हे खरे. परंतु याच कायद्याच्या कलम २१ नुसार खासगी कंपनीनेही समान संधी धोरण जाहीर केलेच पाहिजे. किती कामगारांनी ते पाहिले आहे?

आपल्या वस्तीतील असे मूल शाळेत 'ढ' किंवा 'मस्तीखोर' ठरते, मागच्या बाकावर जाते. तपासणीच होत नाही, म्हणून प्रमाणपत्रही नाही. शंका असलेल्या पालकांनी जिल्हा शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी, आणि जे नोकरीत आहेत त्यांनी कंपनीकडे ते धोरण लेखी मागावे.