‘स्यूअर’ या शब्दाची व्याप्ती आणि कॅलिफोर्नियातील पर्जन्यजल-शुल्क

कायद्यातील शब्दाचा अर्थ कोणी ठरवावयाचा, हा प्रश्न सामान्यतः विधिशास्त्राचा मानला जातो. तथापि अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दीर्घकाळ चाललेला एक वाद असा आहे की, तो विधिज्ञांच्या इतकाच अर्थविचाराच्या अभ्यासकांच्याही क्षेत्रात पडतो. हा वाद ‘स्यूअर’ या एका इंग्रजी शब्दाविषयी आहे. घराघरांतील मलमिश्रित सांडपाणी वाहून नेणारी व्यवस्था एवढाच त्याचा अर्थ, की रस्त्यांवरून व छपरांवरून वाहणारे पावसाचे पाणी नेणारी व्यवस्थाही त्यात अंतर्भूत होते, यावर तेथील स्थानिक संस्थांचे उत्पन्न अवलंबून आहे.

५ नोव्हेंबर १९९६ रोजी तेथील मतदारांनी प्रस्ताव क्रमांक २१८ संमत केला आणि स्थानिक करांवर व शुल्कांवर मर्यादा घालणारे दोन नवे अनुच्छेद राज्यघटनेत दाखल झाले. मालमत्तेशी निगडित कोणतेही शुल्क बसविण्यापूर्वी मालकांना टपालाने सूचना द्यावी, निदान पंचेचाळीस दिवसांनी जाहीर सुनावणी घ्यावी आणि बहुसंख्य मालकांनी लेखी हरकत घेतल्यास शुल्क सोडून द्यावे, असा सर्वसाधारण नियम ठरला. याखेरीज अशा शुल्काला मालकांच्या बहुमताची, किंवा संस्थेची तशी इच्छा असल्यास त्या क्षेत्रातील मतदारांच्या दोन-तृतीयांश मतांची, संमती लागते. या दुसऱ्या अटीतून मात्र स्यूअर, पाणी आणि केरकचरा गोळा करणे या तीन सेवा वगळलेल्या आहेत. अपवादाचे महत्त्व तपशिलात आहे. हरकतीच्या पद्धतीत जो गप्प बसतो त्याचे मौन शुल्काच्या बाजूने मोजले जाते. मतदानाच्या पद्धतीत त्या मौनाचा नगरपालिकेला काहीच उपयोग नसतो. पावसाळी पाण्याच्या निचऱ्यासाठी लोक उत्साहाने मतदानास येतील, अशी अपेक्षा फारसे कोणी करीत नाही.

दुसऱ्या बाजूने संघराज्याचा दाब होता. १९७२ च्या स्वच्छ जल अधिनियमात १९८७ साली झालेल्या सुधारणेने शहरी पर्जन्यजलाच्या प्रदूषणाची जबाबदारी नगरसंस्थांवर टाकली होती. सलिनास या शहराने हा खर्च भागविण्यासाठी, पाणी न शोषणाऱ्या बांधीव पृष्ठभागाच्या प्रमाणात, मतदान न घेता एक शुल्क बसविले. करदात्यांच्या संघटनेने त्यास आव्हान दिले आणि २००२ साली सहाव्या जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने शुल्क अवैध ठरविले. त्याच घटनादुरुस्तीत अन्यत्र ‘स्यूअर’ व ‘निचरा-व्यवस्था’ हे शब्द शेजारी पण स्वतंत्रपणे आले आहेत. ते समानार्थी असते तर दोन्ही लिहिण्याचे कारण नव्हते, असा न्यायालयाचा एक प्रमुख युक्तिवाद होता. सामान्य मतदाराला जो अर्थ अभिप्रेत असेल तोच घ्यावा, हा दुसरा.

शब्दाचा इतिहास पाहता मात्र चित्र उलटे दिसते. ‘स्यूअर’ची व्युत्पत्ती जुन्या फ्रेंचमधून लॅटिनमधील ‘बाहेर’ व ‘पाणी’ या अर्थांच्या घटकांपर्यंत नेतात. मूळ अर्थ तळ्यातील जादा पाण्याची वाट असा आहे. आठव्या हेन्रीच्या काळातील १५३१ चा ‘स्यूअर’विषयक कायदा दलदलीचा निचरा आणि समुद्रबांध यांच्यासाठी होता, मलाचा त्यात संबंध नव्हता. तो अर्थ एकोणिसाव्या शतकात, घरांचे सांडपाणी त्याच वाहिन्यांत सोडले जाऊ लागल्यावर, शब्दाला चिकटला. संघराज्याच्या कायद्यात तर ‘वादळी पाण्याचा स्यूअर’ असा समासच रूढ आहे. पण असा समास करावा लागतो, यावरूनच नुसत्या शब्दाचा अर्थ संकोचला आहे असेही कोणी म्हणेल, आणि ते निराधार होणार नाही. मराठीतही ‘गटार’ दोहोंना चालते. मुंबई महानगरपालिकेच्या कारभारात मात्र पर्जन्य जलवाहिन्या आणि मलनिःसारण ही खाती वेगळी आहेत.

विधिमंडळाने प्रथम ‘पाणी’ या शब्दाला हात घातला. २०१४ च्या दुरुस्तीने त्याच्या व्याख्येत ‘कोणत्याही स्रोतातील’ अशी पुस्ती जोडली. त्यामुळे पुरवठ्यासाठी साठविलेले पावसाचे पाणी अपवादात बसू शकले. पुढे २०१७ च्या सिनेट विधेयक क्रमांक २३१ ने ‘स्यूअर’चीच व्याख्या केली आणि पृष्ठभागावरील व वादळी पाण्याच्या वाहिन्या तीत स्पष्टपणे घातल्या. ही व्याख्या सार्वजनिक सेवाविषयक संहितेतील जुन्या व्याख्येवरून घेतलेली आहे. एवढ्यावर न थांबता, सलिनासच्या निर्णयाने शब्दाचा सरळ अर्थ दुर्लक्षिला असेही विधिमंडळाने कायद्यातच नमूद केले. १ जानेवारी २०१८ पासून हा कायदा अमलात आला. परंतु मतदारांनी घटनेत घातलेल्या शब्दाचा अर्थ साध्या अधिनियमाने बांधता येतो काय? ही शंका रास्त होती. खटल्याच्या धास्तीने अनेक संस्था नव्या अधिकाराचा वापर करण्यास कचरल्या.

२०२२ साली तृतीय जिल्ह्याच्या अपील न्यायालयापुढे हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. राज्याने लादलेल्या कामाचा खर्च राज्याने भरून द्यावयाचा असतो. मात्र संस्थेस शुल्क बसविण्याचा पुरेसा अधिकार असल्यास नाही. त्यामुळे बाजूंची अदलाबदल झाली. सॅन दिएगो भागातील स्थानिक संस्था, आपणास मतदानाविना शुल्क बसविता येत नाही असे सांगू लागल्या, आणि राज्याचे वित्त खाते व्यापक अर्थाचा पुरस्कार करू लागले. न्यायालयाने घटनेचा अर्थ स्वतंत्रपणे लावून सलिनासचाच संकुचित अर्थ ग्राह्य धरला; विधिमंडळाचे मत त्यास पटले नाही. रस्ते झाडण्याच्या खर्चापुरता मात्र निर्णय संस्थांच्या विरुद्ध गेला, कारण ते काम ‘केरकचरा गोळा करणे’ या तिसऱ्या अपवादात बसते, असे न्यायालयास वाटले.